संशयाला शाहू स्टेडियमवर प्रवेश नाही

कोल्हापूरच्या कुठल्याही पेठेत, तालमीसमोरच्या कट्ट्यावर, एक खास जातीचा नागरिक बसलेला आढळतो. वय साठीच्या पुढे, मांडीवर पेपर, चष्मा कपाळावर. पेपर वाचून झालेला असतो. त्यावर विश्वास ठेवायचा बाकी असतो आणि तो बाकीच राहतो. रस्त्यांसाठी कोट्यवधींचा निधी मंजूर, अशी बातमी कुणी मोठ्यानं वाचली की तो विचारतो, ‘‘मंजूर झालाय का आलाय?’’ आलाय म्हटलं तर, ‘‘आलाय का खर्च झालाय?’’ खर्चही झालाय म्हटलं तर तो काही बोलत नाही, नुसता समोरच्या खड्ड्याकडे बघतो. अशा माणसाला पेठेत सगळे मामा म्हणतात. आपणही मामाच म्हणू.

मामांचा संशय जन्मजात नाही, कमावलेला आहे. कोल्हापूरची नगरपालिका १९७२ साली महानगरपालिका झाली. त्या वेळी शहराची जी हद्द होती तीच पुढची पन्नासहून अधिक वर्षं राहिली. हद्दवाढीचे प्रस्ताव गेले, परत आले, पुन्हा गेले. बाजूने आंदोलनं झाली, विरोधात आंदोलनं झाली, आणि दोन्हीकडे एकेक पुढारी नीट मोठा झाला. शहर तेवढं वाढलं नाही. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी आंदोलनं करता करता वकिलांची एक पिढी निवृत्त झाली. सर्किट बेंच सुरू व्हायला ऑगस्ट २०२५ उजाडला. रस्त्यांच्या बदल्यात बसवलेल्या टोलचं तर सांगायलाच नको. २०१३ च्या ऑक्टोबरात वसुली सुरू झाली, २०१४ च्या जानेवारीत नाके पेटले आणि २०१५ च्या अखेरीस टोल गेला. ‘देणार नाही’ एवढ्या दोन शब्दांवर अख्ख्या शहराचं एकमत झाल्याचा हा अलीकडचा एकमेव पुरावा.

मग काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन. या योजनेचं पाणी निवडणुकांच्या भाषणांतून इतकी वर्षं वाहिलं की शहरात ते फक्त लाऊडस्पीकरमधूनच येतं, अशी मामांची समजूत झाली होती. २०२३ च्या दिवाळीत ते खरंच आलं. काँग्रेसच्या सतेज पाटलांनी त्या पाण्यानं अंघोळ केली, फोटो छापून आले. मामांनी फोटो बघितला, घरी जाऊन बादली लावली, भरेपर्यंत तिथेच उभे राहिले आणि मग बाहेर येऊन म्हणाले, ‘‘आज आलंय.’’ ‘आज’वर जरा जास्तच जोर होता.

राज्याच्या पातळीवर मामांना काही शिकवायची गरज उरलेली नाही. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे ते नेहमीप्रमाणे दूध आणायला गेले तेव्हा एक सरकार येणार होतं, दूध घेऊन परतले तेव्हा दुसरंच आलेलं होतं. तेही चार दिवसांत गेलं. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार सुरत, गुवाहाटी आणि गोवा असं पर्यटन करून आले आणि मुख्यमंत्री बदलला. पुढच्या महिन्यात जिल्ह्यातले शिवसेनेचे दोन्ही खासदार एकनाथ शिंदेंकडे गेले. जानेवारी २०२३ मध्ये कागलच्या हसन मुश्रीफांकडे ईडीचे छापे पडले. त्याच वर्षी २ जुलैला अजित पवारांबरोबर त्यांनी मंत्रिपदाची शपथ घेतली. मामांनी या दोन तारखांमध्ये कार्यकारणभाव शोधला नाही. त्यांनी फक्त दोन्ही कात्रणं एकाच पाकिटात ठेवली.

पण कोल्हापूरकराला हे मुंबईवाल्यांनी नव्यानं दाखवावं असं काही नव्हतं. इथला घरचा अभ्यासक्रम जास्त अवघड आहे.

२०१४ च्या लोकसभेला राष्ट्रवादीकडून धनंजय महाडिक उभे होते आणि शिवसेनेकडून संजय मंडलिक. काँग्रेसचे सतेज पाटील आघाडीधर्म पाळून महाडिकांसाठी राबले, महाडिक निवडून आले. पाचच महिन्यांनी विधानसभेला सतेज पाटील पडले. पाडलं कुणी? भाजपच्या अमल महाडिकांनी, म्हणजे त्याच घराण्यानं. २०१९ ला पुन्हा महाडिक विरुद्ध मंडलिक. आघाडी तीच, धर्म मात्र पातळ झालेला. सतेज पाटलांच्या बाजूनं घोषणा आली, ‘आमचं ठरलंय’. काय ठरलंय ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, पण जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही ते समजलं. शिवसेनेचे मंडलिक अडीच लाखांहून जास्त मतांनी जिंकले. काही महिन्यांत महाडिक भाजपमध्ये गेले, २०२२ ला मंडलिक शिंदेंकडे गेले, आणि २०२४ उजाडलं तेव्हा हे दोघे एकाच युतीत होते. आता सतेज पाटील मंडलिकांच्या विरोधात. काँग्रेसकडून शाहू छत्रपती उभे राहिले आणि दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. पाहुण्यांना हे समजावताना मामांना दोन्ही हातांची बोटं लागतात आणि मध्येच कुणी चहा दिला तर पुन्हा २०१४ पासून सुरुवात करावी लागते.

‘‘हाफ टाइमला बाजू बदलत्यात, ते कबूल,’’ मामा म्हणतात. ‘‘पर हितं हाफ टाइम कवा हुतो त्येच कळत न्हाई.’’

मामांना राजकारण कळतं ते फुटबॉलमधून, हे इथे सांगायला हवं. जून २०२२ ची राज्यसभा निवडणूक त्यांनी पेठेतला सामना बघावा तशी बघितली. सहाव्या जागेसाठी भाजपचे धनंजय महाडिक आणि शिवसेनेचे संजय पवार, दोघेही कोल्हापूरचे. मतदान १० जूनला झालं, हरकती दिल्लीपर्यंत गेल्या, मोजणी रात्री उशिरापर्यंत खोळंबली, एक मत बाद झालं आणि पहाटेच्या सुमाराला महाडिक निवडून आल्याचं कळलं. ‘टायब्रेकर’ एवढंच मामांचं भाष्य. विधानसभा अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ ला शिवसेनेच्या अपात्रतेचा निकाल दिला तेव्हाही त्यांनी शेजाऱ्याला एका वाक्यात सारांश सांगितला: पंचानं दीड वर्षानं शिट्टी मारली, कार्ड कुणालाच दाखवलं नाही आणि दोन्ही संघांना खेळत राहा म्हणाला. हे पंच, राहुल नार्वेकर, आधी शिवसेनेत, मग राष्ट्रवादीत आणि मग भाजपमध्ये होते, हेही मामांना तोंडपाठ. तीन संघांकडून खेळलेला माणूस शाहू स्टेडियमवर पंच म्हणून उतरला असता तर पेठेनं त्याला नाणेफेकही करू दिली नसती.

आणि नेमका इथेच, शाहू स्टेडियमच्या गेटवर, मामांचा संशय संपतो.

दुपारी चारच्या सामन्याला निघालेले मामा वेगळे गृहस्थ असतात. त्यांची तालीम कुठली, ते या लेखात सांगता येणार नाही. पाटाकडील म्हटलं तर दिलबहारवाले पुढची ओळ वाचणार नाहीत. खंडोबा म्हटलं तर शिवाजी तरुण मंडळाचे लोक पत्र लिहितील, आणि बालगोपाल किंवा प्रॅक्टिस क्लबचं नाव घेतलं तर आमचं का वगळलं म्हणून फुलेवाडीतून फोन येईल. बाहेरच्या वाचकासाठी इतकंच सांगतो: या गावात तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. लाल मातीत शड्डू ठोकणाऱ्या याच तालमींनी फुटबॉल आपला मानला. १९४० साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, वरिष्ठ गटाच्या सोळा संघांची लीग चालवते आणि त्यातल्या बहुतेक संघांमागे एखादी पेठ किंवा गल्ली आपलं सगळं वजन घेऊन उभी असते. उरलेला भारत क्रिकेट बघत असताना इथे साखळी सामन्यालाही गॅलरी भरते, हलगी वाजते आणि पोलीस बंदोबस्त लागतो. हुल्लडबाजीमुळे स्पर्धा थांबवायची वेळही आलेली आहे. त्या वेळी चूक समोरच्या गॅलरीची होती. कुठल्याही गॅलरीत विचारा, हेच सांगतील.

तर मामा गॅलरीत बसतात आणि जो माणूस मंत्र्याच्या लेखी आश्वासनावर विश्वास ठेवत नाही, तो संघाच्या प्रशिक्षकानं चहाच्या टपरीवर सहज टाकलेल्या वाक्यावर विश्वास ठेवतो. ‘यंदा फॉरवर्ड लाइन जबरदस्त आहे.’ संपलं. पुरावा मागणं नाही, ‘मंजूर झालाय का आलाय’ नाही. गेल्या हंगामात हीच फॉरवर्ड लाइन मोकळ्या गोलसमोर चेंडू गॅलरीत मारत होती, याची आठवण करून दिली तर मामांच्या मते तो वाऱ्याचा प्रश्न होता. आपला बचावपटू पाठीमागून घसरतो तेव्हा तो चेंडूला जातो. विरोधी बचावपटू घसरतो तेव्हा पायाला जातो. ऑफसाइडची रेषा आपल्या चढाईच्या वेळी पंचाला दिसत नाही, त्यांच्या चढाईच्या वेळीही दिसत नाही, पण दोन वेगवेगळ्या कारणांनी. सरकारी आकडे खोटे असतात हे मामांचं आयुष्यभराचं मत. मात्र नव्वद मिनिटांपैकी सत्तर मिनिटं चेंडू आपल्याकडे होता, हा स्वतः न मोजलेला आकडा ते छातीवर हात ठेवून सांगतात.

सामना दोन-शून्य हरला तरी खुलासा तयार असतो. असा खुलासा एखाद्या पालकमंत्र्यानं दिला असता तर मामांनी त्याचे वाभाडे काढले असते.

यात एक गोष्ट मात्र विनोदाची नाही, किंवा तितकीशी नाही. हंगामाआधी केएसएकडे खेळाडूंची नोंदणी होते आणि त्या दिवसांत कोण कुणाकडे गेला याची चर्चा शपथविधीपेक्षा जोरात चालते. एखादा पोरगा एका तालमीकडून दुसरीकडे गेला की मामा त्याच्याशी बोलणं सोडतात. पोरगा ओळखीचा असतो, त्याच्या बापाला मामा अरेतुरे करत असतात. तो सकाळी सराव करून शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला जातो. गुडघा आणखी चार-पाच वर्षं साथ देईल, मग नाही. दुसऱ्या संघानं थोडं जास्त मानधन दिलं म्हणून तो गेला. मामांच्या कोर्टात ही गद्दारी. पोरानं रस्त्यात ‘‘मामा, बरं हाय का?’’ म्हटलं तर मामा दुकानाच्या पाटीकडे बघत पुढे जातात.

आणि पक्ष बदलून आलेल्या नेत्याची मिरवणूक त्याच रस्त्यानं येते तेव्हा मामा कडेला उभे राहतात, हसतात आणि हात वर करतात. ‘‘करायला लागतंय,’’ म्हणतात. कागलला २०२४ मध्ये समरजित घाटगे भाजप सोडून शरद पवारांच्या राष्ट्रवादीत गेले ते मुश्रीफांना पाडायला. पाडता आलं नाही. २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकीत हेच दोघे हातात हात घालून उभे राहिले. कागलकरांनी डोळे चोळले, मामांनी चोळले नाहीत. नेत्यांकडून निष्ठेची अपेक्षा त्यांनी कधीच सोडून दिली आहे, आणि ती सगळीच्या सगळी अपेक्षा आता एमआयडीसीत काम करणाऱ्या एका राइट विंगरच्या खांद्यावर येऊन बसली आहे. हे त्या पोरावर अन्यायाचं आहे. मामांना तसं एकदा सांगून बघायला हरकत नाही. फक्त त्यांचा संघ जिंकलेल्या दिवशी सांगावं.

परदेशी खेळाडूंचा हिशेब आणखी निराळा. मधल्या काळात इथल्या संघांनी नायजेरियाचे खेळाडू आणले. उंच, दणकट, एकेकट्यानं सामना फिरवणारे. भूमिपुत्रांच्या प्रश्नावर तासभर बोलणारे मामा ‘आपल्या’ आफ्रिकी खेळाडूला तांबडा-पांढरा खिलवायला घरी घेऊन गेले. समोरच्या संघानं तसाच खेळाडू आणला तेव्हा मात्र स्थानिक मुलांचं काय, हा सवाल त्यांनीच पहिल्यांदा उपस्थित केला.

राजकारण्यांना हे सगळं कळत नाही असं समजणारा भाबडा. मामा जाहीरनामा वाचत नाहीत, सभेला गेले तरी मागे उभे राहतात. पण चषकाचा अंतिम सामना ते चुकवत नाहीत. म्हणून या गावात जाहीरनाम्याच्या जोडीला चषक निघतो. सतेज चषक झाला, अटल चषक झाला, चंद्रकांत चषक झाला. महापौर चषक तर जुनाच. गंमत अशी, की महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षं शहर प्रशासकाच्या हाती राहिलं. या काळात कोल्हापुरात महापौर चषक हा शब्द होता, महापौर नव्हता. बक्षीस समारंभाला व्यासपीठावर इतके नेते असतात की विजेत्या संघाच्या फोटोत गोलरक्षक अर्धाच येतो. मामांना त्याचं काही वाटत नाही. चषक कुणाच्या नावाचा आहे यापेक्षा तो कुणाच्या तालमीत गेला, हे त्यांना महत्त्वाचं.

खेळ आणि सत्ता यांची इथे सरळसरळ सोयरीकच आहे. शाहू छत्रपती खासदार झाले त्याच्या कितीतरी आधीपासून राजघराण्याचा केएसएवर हात आहे. त्यांचे चिरंजीव मालोजीराजे आमदार होते आणि २०२२ पासून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीवर आहेत. मालोजीराजेंच्या पत्नी मधुरिमाराजे २०२४ च्या विधानसभेला कोल्हापूर उत्तरमधून काँग्रेसच्या उमेदवार होत्या, म्हणजे झाल्या होत्या. काँग्रेसनं आधी राजेश लाटकरांचं नाव जाहीर केलं, मग ते बदलून मधुरिमाराजेंना उमेदवारी दिली. लाटकरांनी अपक्ष अर्ज कायम ठेवला. आणि माघारीची मुदत संपायला काही मिनिटं उरली असताना मधुरिमाराजेंनीच अर्ज मागे घेतला. सतेज पाटील कॅमेऱ्यांसमोर जे संतापले ते महाराष्ट्रानं पाहिलं. काँग्रेसला मग अपक्ष लाटकरांना पाठिंबा द्यावा लागला, चिन्ह प्रेशर कुकर. मतदान यंत्रावर पंजाच नाही.

‘‘फुटबॉलमदी हात लागला तर फाऊल,’’ मामा म्हणाले. ‘‘ह्यांनी हातच काढून टाकला. नियमात बसतंय.’’

त्याच निवडणुकीत जयश्री जाधवही शिंदेंच्या शिवसेनेत गेल्या होत्या. त्यांचे पती चंद्रकांत जाधव २०१९ ला इथूनच काँग्रेसचे आमदार झाले होते. त्यांच्या निधनानंतर २०२२ च्या पोटनिवडणुकीत त्या काँग्रेसकडून निवडून आल्या होत्या. शेवटी शिंदेंच्या शिवसेनेचे राजेश क्षीरसागर जिंकले. २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या दहा जागांपैकी भाजपला एकही मिळाली नव्हती. २०२४ मध्ये काँग्रेसला एकही मिळाली नाही. गोलफलक तोच, फक्त उलटा टांगलेला.

ऑगस्ट २०२२ मध्ये फिफानं भारतीय फुटबॉल महासंघाला ‘त्रयस्थ हस्तक्षेपा’बद्दल निलंबित केलं, ते दहा-बारा दिवसांत उठवलंही. मामांना हस्तक्षेपाचा धक्का बसला नाही, फिफाला तो खुपतो याचा बसला. पाठोपाठ झालेल्या महासंघाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत एका बाजूला भारताचा गाजलेला कर्णधार बायचुंग भुतिया आणि दुसऱ्या बाजूला माजी गोलरक्षक, आता भाजपचे कल्याण चौबे. निकाल ३३ विरुद्ध १. फुटबॉलमध्ये असा स्कोअर लागला तर चौकशी बसते.

मेस्सीच्या बाबतीतही मामांचा संशय काम करत नाही. विश्वचषक आला की कोल्हापुरात गल्ल्यांची वाटणी होते, एका चौकात अर्जेंटिना, पुढच्या चौकात ब्राझील, मध्ये वाहतूक पोलीस. १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री अर्जेंटिनानं पेनल्टीवर फ्रान्सला हरवलं आणि इथे दसरा-दिवाळी एकदम झाली. तीन वर्षांनी, १३ डिसेंबर २०२५ ला, मेस्सी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये आला तेव्हा नेत्यांनी आणि बड्या पाहुण्यांनी त्याला असा काही वेढा घातला की हजारोंचं तिकीट काढून बसलेल्यांना तो दिसलाच नाही. थोड्याच वेळात मेस्सी निघून गेला, लोकांनी बाटल्या फेकल्या, खुर्च्या मोडल्या. दुसऱ्या दिवशी मुंबईत वानखेडेवर कार्यक्रम सुरळीत पार पडला. मामांनी दोन्ही टीव्हीवर बघितले. कोलकात्याच्या पुढाऱ्यांचा त्यांना राग आला नाही. आश्चर्य वाटलं ते मेस्सीचं. इतका मोठा ड्रिबलर, आणि चार आमदारांतून बाहेर निघता येईना?

शेवटी जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेची निवडणूक लागली. मागच्या वेळी एका प्रभागातून एकच नगरसेवक होता, त्यामुळे उमेदवाराला एक-दोन तालमी सांभाळल्या की भागत असे. आता चार-चार जणांचे मोठे प्रभाग. एकाच प्रभागात हाडवैर असलेल्या तालमी आल्या. तळ्यात-मळ्यात करून उमेदवारांचे पाय दुखले.

त्यातला एक तरुण उमेदवार संध्याकाळी कट्ट्यावर आला. वाकून नमस्कार केला, पत्रक दिलं. त्यावर पाणी, कचरा, रस्ते, हद्दवाढ, सगळं होतं. मामांनी पत्रक न वाचता मांडीवर ठेवलं.

‘‘ते र्‍हाऊ दे,’’ मामा म्हणाले. ‘‘तू कुठल्या तालमीचा?’’

पोरानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मागे उभ्या असलेल्या कार्यकर्त्यांपैकी दोघे एका तालमीचे होते, तिघे दुसऱ्या. शेवटी तो हसला आणि म्हणाला, ‘‘मामा, आपल्याला समद्या तालमी सारख्याच.’’

कार्यकर्ते पुढच्या गल्लीत वळेपर्यंत मामा गप्प राहिले. मग शेजाऱ्याकडे वळून म्हणाले, ‘‘बाकीचं कायबी करंल. पर खोटं किती बोलतंय बघ.’’